वालचंद हिराचंद : बॉनेटखालची गोष्ट

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मेकॅनिकलच्या पोरांत लगेच दोन पार्ट्या पडतात. पहिल्या पार्टीचं म्हणणं असं की गाडी कंपनीतून जशी निघाली तशीच ठेवायची. नटबोल्टसुद्धा त्याच काळातला हवा. दुसऱ्या पार्टीला हे सोवळं मान्य नाही. त्यांच्या मते पद्मिनीची बॉडी सुंदर, क्रोमची पट्टी सुंदर, पण चाळीस-एक हॉर्सपॉवरचं ते इंजिन घेऊन पाम बीच रोडला निघायचं म्हणजे स्वतःचं हसं करून घ्यायचं. तेव्हा ते काढा, जिप्सीचं १३०० सीसी टाका आणि मोकळे व्हा. हा वाद ओरल्सच्या आदल्या रात्रीसुद्धा दोन-दोन वाजेपर्यंत चालतो आणि कधीच निकाली निघत नाही.

या वादात ज्याचं नाव सगळ्यात आधी यायला हवं ते मात्र कुणाच्याच तोंडी नसतं. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी ज्यांनी काढली ते वालचंद हिराचंद. सांगलीचं वालचंद कॉलेज सगळ्यांना ठाऊक असतं, कारण कॅप राउंडच्या फॉर्मवर आपण ते नाव कधी ना कधी भरलेलं असतं! पण त्या नावामागचा माणूस कोण, हे विचारलं की शांतता. आणि मित्रांनो, गाडीच्या बॉनेटखाली कुणाचं इंजिन असावं हा प्रश्न या माणसाने आपल्या कितीतरी आधी, थेट सरकारशी भांडण काढून, विचारला होता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, दिगंबर जैन, आडनाव दोशी. पण सोलापुरात येऊन पुरतं सोलापूरचं झालेलं. घरात कापसाचा आणि सावकारीचा धंदा. शाळा सोलापुरात, मग मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. बी.ए. काही पूर्ण झालं नाही. (ज्यांच्या दोन-तीन केट्या राहिल्या आहेत त्यांनी एवढ्यावरच खूश होऊ नये, पुढचं वाचावं.)

घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमेना. तेवढ्यात लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते, ती नोकरी सोडून ठेकेदारीत उतरू पाहत होते. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, पैसा नव्हता. वालचंदांकडे पैसा होता आणि पेढीतून बाहेर पडायची घाई होती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं आणि फाटक-वालचंद ही जोडी ठेकेदारीत नावारूपाला आली. पुढे हा व्याप टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये गेला, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणारी पाइपलाइन, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे ही त्यांची कामं. आपल्यातले जे दिवाळीला रेल्वेने पुण्याकडे घरी जातात, त्यांची मोबाइलची रेंज कर्जत सोडल्यावर ज्या बोगद्यांत जाते, त्यातले काही या माणसाच्या हिशेबात जमा आहेत.

इथपर्यंत हा एका यशस्वी ठेकेदाराचा बायोडेटा झाला. असे ठेकेदार तेव्हाही बरेच होते. वेगळेपण दिसतं ते १९१९ मध्ये, जहाजाच्या वेळी.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांकडे 'लॉयल्टी' नावाचं एक जहाज होतं. त्याची कुंडली ऐकण्यासारखी आहे. १८९१ पासून ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने एका कॅनेडियन कंपनीसाठी पॅसिफिक महासागरात प्रवासी वाहत होतं. पहिल्या महायुद्धात महाराजांनी ते विकत घेतलं आणि आतून पूर्ण बदलून त्याचं इस्पितळ केलं. युद्ध संपलं, जहाज विकायला निघालं. वालचंदांच्या कानावर हे आलं आणि त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई शामळदास यांना बरोबर घेऊन ते विकत घेतलं. मग पुन्हा आतली रचना बदलून ते प्रवाशांसाठी तयार केलं. जहाजाच्या जुन्या धन्यावरून कंपनीचं नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. आपल्याकडे दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो तो याच सफरीचा.

म्हणजे आपल्या ओरिजिनलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे तिसऱ्या हातातलं, दोनदा मॉडिफाय केलेलं जुनं हार्डवेअर! आणि जुन्या हार्डवेअरचं जे होतं तेच झालं. कोळसा फार खायचं, दुरुस्ती संपायची नाही. १९२३ मध्ये ते भंगारात गेलं. पण तोवर कंपनीने दुसरी जहाजं घेतली होती आणि तोवरच खरी लढाईही सुरू झाली होती. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर इतके पाडले की नवख्याने गाशा गुंडाळावा. त्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याची तयारी दाखवली. वालचंदांनी विकली नाही. उलट १९२३ मध्ये एक करार पदरात पाडून घेतला, त्यात सिंदियाला किनाऱ्यालगतच्या वाहतुकीपुरतं राहावं लागलं. अटी जाचक होत्या, पण कंपनी जिवंत राहिली. मला विचाराल तर वालचंदांचा स्वभाव या एका करारात दिसतो. हरलेला डाव अर्धा तरी वाचवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा बसायचं.

मधल्या काळात मालेगावजवळ रावळगावला माळरान घेऊन ऊस लावला, साखर कारखाना काढला (हो, गोळ्या-चॉकलेटवालं रावळगाव तेच). इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवलं. तिथल्या कारखान्यातून पुढच्या काळात इस्रोच्या रॉकेटचे मोठाले भाग बनून गेले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपण गाडीकडे येऊ.

१९३० च्या दशकात हिंदुस्थानात मोटारी होत्या, मोटारींचे कारखानेही होते असं म्हणायला हरकत नव्हती. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला होता, फोर्डचाही मुंबईत होता. पण तिथे चालायचं काय? लाकडी खोक्यांतून सुटे भाग यायचे, ते जोडायचे, रंग मारायचा आणि गाडी बाहेर काढायची. इंजिन अख्खंच्या अख्खं बोटीतून यायचं. पन्नास वर्षं हे काम केलं तरी कुणाला सिलिंडर ब्लॉक ओतता आला नसता की क्रॅंकशाफ्ट घासता आला नसता. विश्वेश्वरय्यांनी हे ओळखलं होतं. १९३५ मध्ये ते युरोप-अमेरिकेत जाऊन मोटार कारखाने पाहून आले आणि इथे गाडी बनवण्याची योजना त्यांनी तयार केली. वालचंद त्या योजनेमागे उभे राहिले. मुंबईचं बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार मदत करायला तयार होतं, पण १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती वाट बंद झाली.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी केली, जमलं नाही. क्रायस्लरशी जमलं, करारही झाला. आता फक्त दिल्लीच्या सरकारची संमती हवी होती : यंत्रं आणायला, डॉलर मिळायला, युद्धाच्या कामात हा कारखाना धरला जायला. सरकारने नाही म्हटलं. कारण असं दिलं गेलं की मोटार कारखान्याचा चालू युद्धाला उपयोग नाही. त्याच वेळी सैन्याला ट्रक हवे होते आणि ते परदेशातून सुटे येऊन इथेच जोडले जात होते! या नकारावर मोठा वाद झाला. विरोधकांचा युक्तिवाद सरळ होता. जोडायला परवानगी आहे आणि बनवायला नाही, याचा अर्थ कुणाचा तरी बाजार राखला जातो आहे.

एवढ्यावर साधा माणूस घरी बसला असता. वालचंदांनी याच दोन वर्षांत आणखी दोन उद्योग काढले. अमेरिकेहून परत येताना विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा विमान कारखानदार भेटला. तो चीनमध्ये विमानं जोडायचा. गप्पांतून योजना निघाली, म्हैसूर संस्थानाने भांडवल आणि जागा दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. गाडीला नाही म्हणणाऱ्या सरकारला विमान चाललं, कारण जपान जवळ येत होता. १९४२ मध्ये सरकारने हा कारखाना आपल्याकडे घेतला. आज ज्याला आपण एचएएल म्हणतो तो तोच. (प्लेसमेंटला एचएएलचा फॉर्म भरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) दुसरा उद्योग विशाखापट्टणमच्या गोदीचा. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्र प्रसादांनी पायाभरणी केली, पुढच्याच एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरी गोदी झाली. १४ मार्च १९४८ ला तिथे बांधलेलं 'जलउषा' जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. १९५२ मध्ये गोदीची सूत्रंही सरकारकडे गेली.

मोटारीची कंपनी अखेर १९४४ मध्ये नोंदली गेली. नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्स, जागा कुर्ला. आपल्या हॉस्टेलवरून वाशीला हार्बर लोकल पकडली तर तासाच्या आत पोचाल इतकी जवळ. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले.

आता इथे खरं ते सांगायला हवं. या गाड्यासुद्धा सुरुवातीला जोडलेल्याच होत्या. ज्या गोष्टीसाठी जोडणीवाल्या कारखान्यांना नावं ठेवली तीच आपणही केली. फरक होता तो हेतूचा : कारखाना इथल्या मालकीचा आणि एकेक भाग क्रमाने इथे बनवत जायचं ही दिशा. पण नुसत्या हेतूवर ब्लॉक ओतला जात नाही. यंत्रं हवीत, फौंड्री हवी, शिकलेले हात हवेत, आणि इतक्या कमी गाड्या खपत असताना त्या प्रत्येकीवर खर्च किती चढतो हे प्रॉडक्शनच्या पोरांना सांगायला नको. तीन-साडेतीन लिटरची अमेरिकन गाडी घेणारे गिऱ्हाईक तरी असे किती?

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतलं आणि तो लालचंद, गुलाबचंद या भावांकडे गेला. पत्नी कस्तुरबाई सेवेला होत्या. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. 'लॉयल्टी' निघाल्याला चौतीस वर्षं आणि तीन दिवस झाले होते.

त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की जे कारखाने गाडी टप्प्याटप्प्याने इथे बनवण्याची योजना देतील त्यांनीच राहावं. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. म्हणजे वालचंद बारा-पंधरा वर्षं जे मागत होते ते त्यांच्या मरणाच्या वर्षी मिळालं. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला होता आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. हीच ती गोलमटोल गाडी जिला आपल्या आजोबांच्या पिढीने प्रेमाने डुक्कर फियाट म्हटलं. पुढे तिचं रूप पालटत गेलं, १९६० च्या दशकात डिलाइट आली, १९७० च्या दशकात करार संपल्यावर प्रेसिडेंट हे नाव आणि मग १९७४ मध्ये पद्मिनी. आत तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पुशरॉड इंजिन, आणि ते कुर्ल्यात बनलेलं. वालचंदांनी यातलं काहीच पाहिलं नाही.

आता आपल्या दोन पार्ट्यांकडे येतो. बदलवाल्यांच्या बाजूने इतिहास भक्कम आहे. प्रीमियरच्याच त्या अमेरिकन डॉज-प्लिमथ घ्या. सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड इंजिन पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा गॅरेजवाल्यांनी त्यांत पर्किन्सची, नंतर मॅटॅडोरची डिझेल इंजिनं बसवली. आज त्यातल्या ज्या गाड्या उरल्या आहेत त्यातल्या कितीतरी त्या स्वॅपमुळेच उरल्या, नाहीतर केव्हाच पत्रा होऊन विकल्या गेल्या असत्या. खुद्द कंपनीने काय केलं? १९८५ च्या ११८एनईला बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी. कारखान्यात केलेला स्वॅपच की हा! पद्मिनीलासुद्धा १९९० च्या दशकात इटालियन डिझेल इंजिन मिळालं. आणि आपल्याच कॉलेजांतल्या फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्यांत बाइकचं इंजिन बसवताना कुणाला ओरिजिनॅलिटी आठवत नाही.

पण बदलवाल्यांना एक विचारावंसं वाटतं : नुसतं इंजिन बदलून भागतं का? ११८एनईचं निस्सान इंजिन पद्मिनीत त्यातल्या त्यात सोपं, कारण तेही मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचं आहे. जिप्सीचं चालतं ते त्याच कारणाने, ते उभं बसतं. एस्टीमचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण आडवं आणि पुढच्या चाकांसाठी. गिअरबॉक्ससकट उचलून ठेवता येत नाही. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढे माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, डिफरन्शियलचा रेशो. आणि चाळीसऐवजी साठ-सत्तर हॉर्सपॉवर आल्यावर चारही चाकांना तेच जुने ड्रम ब्रेक ठेवणार असाल तर तो स्वॅप नव्हे, आत्महत्या आहे. स्टिअरिंगजवळचा गिअर काढून जमिनीवर आणायचा म्हणजे फ्लोअरचा पत्रा कापावा लागतो. मला वाटतं खरी सीमारेषा इथे आहे. नटबोल्टने बसलेलं नटबोल्टने परत निघतं. कापलेला पत्रा परत येत नाही.

कायद्याचंही थोडं बघा. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुलै २०२१ चा व्हिंटेज गाड्यांचा नियम. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, तिला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. हिशेब करा. पहिली पद्मिनी १९७४ ची. म्हणजे २०२४ पासून पद्मिन्या पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. आज हौसेने काढलेलं इंजिन किलोच्या भावाने दिलं तर त्या गाडीचा तो दरवाजा कायमचा बंद. डॉजमधला डिझेल स्वॅप पोटासाठी होता, आपला मजेसाठी आहे. हा फरक ओरिजिनलवाल्यांनी मांडला तर त्याला उत्तर देणं जड जातं. पद्मिनीचा पत्रा इटलीच्या डिझाइनचा आणि नाव राणीचं; कुर्ल्याने घाम गाळून शिकलेली गोष्ट ती या ब्लॉकमध्ये आहे, आणि नेमकी तीच आपण आधी काढतो.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची; टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. कुर्ल्यातला कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव राहिलं.

इंजिन मात्र अजून चालू आहे. बऱ्याच कॉलेजांच्या आयसी इंजिन लॅबमध्ये मोर्स टेस्टच्या रिगवर चार सिलिंडरचं जुनं फियाट इंजिन बसवलेलं असतं. एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडायचा, उरलेल्या तिघांवर ते थरथरत चालू राहतं, लोड कमी करून आरपीएम परत जागेवर आणायचा आणि रीडिंग घ्यायचं. पुढच्या प्रॅक्टिकलला सर रीडिंग सांगत असतील तेव्हा जरा वाकून त्या ब्लॉकवरची प्लेट वाचा.